खाजेची गोळी: घेण्याआधी काय बघायचं आणि घेतली तर कशी घ्यायची

कोल्हापुरात ‘पित्त’ हा एकच शब्द दोन आजारांना चालतो. छातीत जळजळलं तरी पित्त आणि अंगावर लाल गांध्या उठल्या तरी पित्तच. त्यामुळे गांध्यांनी बेजार झालेला माणूस घरी आमसुलाचं पाणी अंगाला चोळतो आणि माझ्या मेडिकलमध्ये येऊन पोटातल्या ॲसिडची गोळी मागतो. आमसुलाच्या पाण्यानं अंगाला गार वाटतं, त्यात वावगं काही नाही. पण ॲसिडची गोळी गांध्यांवर चालत नाही. पोटातलं पित्त आणि अंगावरचं पित्त यांचं नातं फक्त नावापुरतं आहे.

याच्या उलटही रोज घडतं. “लई खाज सुटल्या बघा, एक सेट्रिझिन द्या की,” म्हणत कुणी येतो. विचारलं की कळतं, जांघेत तीन महिन्यांचं गजकर्ण आहे आणि रोज एक गोळी चालूच आहे. गेली बावीस वर्षं मी औषधाच्या काउंटरमागे उभी आहे. या काळात सगळ्यात जास्त वाया गेलेलं औषध कोणतं असं कुणी विचारलं, तर मी याच गोळीचं नाव घेईन. औषध चांगलं आहे, बहुतेकांना सोसतं आणि स्वस्तही आहे. ते चुकीच्या खाजेला दिलं जातं, हे दुखणं आहे.

ही गोळी नेमकं काय करते ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. आपल्या त्वचेत मास्ट पेशी असतात आणि त्यांच्या पोटात हिस्टामिन नावाचं रसायन भरलेलं असतं. डास चावला, एखादं औषध सोसलं नाही किंवा शरीरानं विनाकारण धोक्याची घंटा वाजवली, की या पेशी ते हिस्टामिन बाहेर टाकतात. मग बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं, कातडी फुगते आणि खाज सुटते. सेटिरिझिनसारखी अँटीहिस्टामिन गोळी हिस्टामिनची बसायची जागा आधीच अडवते. खाज हिस्टामिनची असेल तर गोळीचा गुण तासा-दोन तासांत जाणवायला लागतो. खाजेचं मूळ दुसरं असेल, तर स्ट्रिपवर स्ट्रिप संपवूनही माणूस नखं चालवतच राहतो.

१. दिवसाउजेडी अंग बघा

ट्यूबलाइटखाली घाईत बघू नका. सकाळी खिडकीपाशी उभे राहा आणि पाठ घरच्या कुणाकडून तरी तपासून घ्या.

फुगीर, गुलाबी, कडा असलेल्या गांध्या असतील, त्या जागा बदलत असतील आणि एका जागची विरून दुसरीकडे उठत असेल, तर ते अंगावरचं पित्त. ही खरी हिस्टामिनची खाज. खात्री करायची एक साधी रीत आहे. बॉलपेन घ्या, एका गांधीच्या कडेकडेनं गोल ओढा आणि शेजारी वेळ लिहा. ही गांध चोवीस तासांच्या आत त्या गोलातून नाहीशी झाली पाहिजे, मागे डाग राहता कामा नये. गोल तसाच आणि आतली गांधही तशीच, वर ती खाजण्यापेक्षा दुखते आहे किंवा जाताना निळसर-तपकिरी डाग ठेवून जाते आहे, असं असेल तर रक्तवाहिन्यांना सूज असण्याची शक्यता असते. मग गोळी बाजूला ठेवून त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. माझ्या काउंटरवर पेनाचा गोल हातावर घेऊन परत आलेली माणसं आहेत. त्या गोलानं डॉक्टरांचं अर्धं काम होतं.

गोल चकती, कड लाल आणि खवल्यांची, मधला भाग थोडा स्वच्छ, जांघेत, कमरेला किंवा काखेत, घाम आला की जास्त, हे गजकर्ण. बुरशीचा आजार आहे. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत कपडे धड वाळत नाहीत, दमट अंतर्वस्त्रं अंगात चढतात आणि घराघरात ते पसरतं. तालमीत अंगाला अंग घासतं, लंगोट-टॉवेल एकमेकांचे वापरले जातात, तिथंही तेच. इथं बुरशीचं मलम आणि बरेचदा पोटातून गोळ्या, त्याही डॉक्टरांनी सांगितलेल्या पूर्ण मुदतीच्या, लागतात. चकती दिसेनाशी झाली तरी मलम साधारण दोन आठवडे चालू ठेवतात. अलीकडे आपल्या देशात हा आजार चिवट झाला आहे, जुनी औषधं पूर्वीसारखी लागू पडत नाहीत. त्यात स्टिरॉइड मिसळलेलं तीन-चार औषधांचं मलम लावलं की दोन दिवसांत खाज थांबते, माणूस खूश होतो आणि बुरशी खालून हातपाय पसरते. ही मलमं चिठ्ठीशिवाय विकायला कायद्यानं मनाई आहे. तरी ती मिळतात, हे मला अतिशय खुपतं. कृपा करून मागू नका.

बोटांच्या बेचक्यात, मनगटाला, बेंबीभोवती आणि कमरेला बारीक पुटकुळ्या आहेत, रात्री पांघरुणात शिरलं की खाज उसळते आणि घरात आणखी दोघं खाजवताहेत, असं असेल तर खरूज. ती एका बारीक किड्यामुळे होते. ५ टक्के पर्मेथ्रिनचं मलम मानेपासून तळपायापर्यंत, नखांखाली आणि बेचक्यांतसुद्धा लावून ८ ते १२ तास ठेवायचं, मग अंघोळ, आणि आठवड्यानं पुन्हा एकदा तसंच. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं, खाज नसली तरी. इथंच लोक चुकतात. ज्याला खाज आहे तो एकटा लावतो आणि पंधरा दिवसांत घरच्यांकडून आजार परत येतो. चादरी आणि कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात टाका. लहान बाळ किंवा गरोदर बाई घरात असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. किडा मेल्यावरही दोन ते चार आठवडे खाज राहते. तेवढ्या दिवसांपुरती रात्रीची अँटीहिस्टामिन गोळी उपयोगी पडते. पण ती मलमाच्या जोडीला, मलमाच्या जागी नाही.

कोपराच्या आणि गुडघ्याच्या वळीत कोरडी, जाड, खाजवून काळी पडलेली कातडी म्हणजे इसब. इथं बहुतेकांचा गैरसमज होतो. इसबाची खाज मुख्यतः हिस्टामिनची नसते, ती निर्माण करणारी रसायनं वेगळी आहेत. म्हणून झोप न आणणारी गोळी इसबावर जवळजवळ काहीच करत नाही. झोप आणणारी गोळी घेतली तर माणूस झोपतो म्हणून खाजवत नाही, एवढाच तिचा उपयोग. इसबाचं खरं औषध म्हणजे त्वचेचा ओलावा. अंघोळ कोमट पाण्यानं थोडक्यात उरका, अंग टिपा आणि कातडी ओलसर असतानाच मॉइश्चरायझर किंवा साधं व्हॅसलीन भरपूर लावा. दिवसातून दोनदा तरी लावा. अंघोळीच्या पाण्यात जंतुनाशक द्रव ओतायची सवय सोडा, त्यानं कातडी आणखी सुकते. बाकी मलम किती दिवस आणि कुठल्या जागी लावायचं ते डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे.

आपल्या भागात आणखी दोन खाजा आहेत. गाजर गवत १९५० च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नजरेस आलं आणि आता पंचगंगेच्या काठापासून रानातल्या बांधापर्यंत सगळीकडे आहे. वर्षानुवर्षं रानात काम केलेल्या माणसाच्या पापण्या, मान, कानामागचा भाग आणि कोपराच्या वळ्या जाड होऊन खाजायला लागतात आणि चार दिवस पाव्हण्यांकडे शहरात राहिला की बरं वाटतं. ही ॲलर्जी आहे खरी, पण उशिरानं उठणारी आणि वेगळ्या पेशींची. त्यामुळे हिस्टामिन अडवून फारसं काही साधत नाही. दुसरी खाज ऊसतोडीच्या हंगामातली. पाचटाची कूस, म्हणजे उसाच्या पाल्यावरची बारीक टोचरी लव, अंगाला लागते आणि हात-मान धगधगतात. ती कूस टोचल्याची खाज आहे. चोळू नका, आधी भरपूर पाण्यानं अंग धुवा, कपडे बदला, कॅलामाइन लावा. पूर्ण बाह्यांचा सदरा आणि गळ्याला रुमाल, याइतकं दुसरं औषध नाही.

आणि अंगावर काहीच दिसत नाही, नुसते नखांचे ओरखडे आहेत? साठीपुढच्या माणसात बरेचदा ती कोरडी कातडी असते आणि महिनाभर नेमानं खोबरेल किंवा मॉइश्चरायझर लावलं की निवळते. तरीही राहिली तर रक्ततपासणी करून घ्या: हिमोग्लोबिन, यकृत, किडनी, थायरॉइड, साखर. यातलं काही बिघडलं तरी अंग खाजतं.

२. थांबायचं नाही अशी वेळ ओळखा

गांध्यांबरोबर श्वास लागतोय, आवाज घोगरा झालाय, जीभ किंवा घसा सुजतोय, उलट्या होताहेत, चक्कर येऊन डोळ्यापुढे अंधारी येतेय, यातलं एकही असेल तर गोळी चघळत वाट बघू नका. अशा वेळी लागतं ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन, मांडीच्या स्नायूत, लगेच. अँटीहिस्टामिन त्याची जागा घेऊ शकत नाही. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं कोल्हापुरातलं सीपीआर रुग्णालय नाहीतर जवळचं जे रुग्णालय असेल तिथं न्या. रुग्णाला आडवं ठेवा, पाय उंच करा. श्वास लागत असेल तर टेकवून बसवा, पण उभं करून चालवत नेऊ नका.

गांध्या नाहीत, पण ओठ किंवा जीभच सुजली आहे आणि रक्तदाबासाठी एनालाप्रिल किंवा रामिप्रिलसारखी गोळी चालू आहे, असंही होतं. ही सूज हिस्टामिनची नसते आणि अँटीहिस्टामिनला दाद देत नाही. तेव्हाही सरळ रुग्णालय गाठा.

३. गोळी निवडताना स्ट्रिपवरची बारीक अक्षरं वाचा

ब्रँडचं नाव सोडा, खाली औषधाचं नाव असतं ते वाचा. या गोळ्यांच्या दोन पिढ्या आहेत. जुन्या पिढीत क्लोरफेनिरामिन, फेनिरामिन, प्रोमेथाझिन, हायड्रॉक्सिझिन. या मेंदूत शिरतात, म्हणून गुंगी येते, तोंड सुकतं आणि सकाळी उठल्यावरही डोकं जड राहतं. नव्या पिढीत सेटिरिझिन, लेव्होसेटिरिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन, बिलास्टिन. या मेंदूत फारशा शिरत नाहीत. त्यातही सेटिरिझिननं काहींना चांगलीच झोप येते, फेक्सोफेनाडिन आणि बिलास्टिननं सगळ्यात कमी.

अंगावरच्या पित्ताला नव्या पिढीची गोळी घ्यायची, जगभरचे त्वचारोगतज्ज्ञ हेच सांगतात. जुनी गोळी ‘जास्त कडक’ असते हा समज खोटा आहे. तिची गुंगी जास्त असते आणि गुंगीलाच माणूस गुण समजतो. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यात लेथवर रात्रपाळी करणारा, गगनबावड्याचा घाट उतरणारा ड्रायव्हर, परीक्षेला बसलेलं पोर, यांना जुन्या पिढीची गोळी देताना माझा हात थबकतो. झोप येत नाही असं स्वतःला वाटत असतानाही हात आणि डोळे मंदावलेले असू शकतात. दारूबरोबर तर ती घेऊच नका.

आणखी दोन गोष्टी बघा. पहिली, सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत आणि खोकल्याच्या बऱ्याच औषधांत अँटीहिस्टामिन आधीच असतं. सर्दीची गोळी चालू असताना खाजेची घेतली तर एकाच जातीची दोन औषधं पोटात जातात. दुसरी, लेव्होसेटिरिझिनबरोबर मॉन्टेलुकास्ट असलेली जोडगोळी. ती सर्दी-दम्यासाठी लिहिली जाते, साध्या खाजेला तिची गरज नाही, आणि मॉन्टेलुकास्टनं काहींची झोप आणि मनःस्थिती बिघडते. पुडीत बांधून दिलेली बिननावाची बारीक गोळी कुणी दिली तर नाव विचारल्याशिवाय घेऊ नका. बरेचदा ती स्टिरॉइडची असते.

अंगाला लावायचं अँटीहिस्टामिनचं मलमही टाळा. त्याचीच ॲलर्जी होऊ शकते.

४. घेण्याची रीत

प्रौढ माणसाचा रोजचा डोस: सेटिरिझिन १० मिलिग्रॅम, लेव्होसेटिरिझिन ५, लोराटाडिन १०, बिलास्टिन २०, आणि पित्तासाठी फेक्सोफेनाडिन १८०. यातली कोणतीही एकच, दिवसातून एकदा. सेटिरिझिन आणि लेव्होसेटिरिझिन रात्री झोपताना बरी. बिलास्टिन रिकाम्या पोटी घ्या, म्हणजे जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी. फेक्सोफेनाडिन साध्या पाण्याबरोबरच. संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या रसाबरोबर ती रक्तात कमी उतरते, आणि जळजळीवरचं पांढरं पातळ औषधही तिच्या आसपास घ्यायचं नाही, मध्ये दोन तास जाऊ द्या.

अंगावरचं पित्त रोज उठत असेल तर गोळीही रोज, ठरल्या वेळी. गांध्या उठल्या की घेतली, विरल्या की सोडली, असं केलं तर हिस्टामिन जागेवर आधीच बसलेलं असतं आणि गोळी मागून धावते.

एखाद्या दिवसाचं पित्त बहुतेक वेळा विषाणूच्या तापानंतर, एखाद्या अन्नानं किंवा औषधानं उठतं आणि थोड्या दिवसांत मिटतं. अंगदुखीच्या गोळ्या, म्हणजे ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, पित्त उठवतातही आणि असलेलं वाढवतातही, म्हणून त्या काळात दुखणं आलंच तर पॅरासिटामॉल. सहा आठवड्यांहून जास्त चाललं की ते जुनाट झालं. जुनाट पित्ताचं कारण बहुतेकांच्या ताटात नसतं. तरी वांगं बंद, अंडं बंद, मटण बंद, तांबडा-पांढरा तर दुरूनच, असं करत माणसं वर्षभर भात-वरणावर काढतात, आणि गांध्या तशाच उठत राहतात. ठरावीक पदार्थ खाल्ल्यावर दोन तासांच्या आत, दर वेळी, उठत असेल तरच तो बंद करा. शेकडो पदार्थांची महागडी रक्ततपासणीही अशा पित्तात कामाची नाही.

५. कुणी जपून घ्यायची

हे मी घरच्या अनुभवानं शिकले. मला फार्मसी करून तिसरं वर्ष होतं. वडिलांचं अंग थंडीत खाजायला लागलं आणि मी त्यांना क्लोरफेनिरामिन सुरू केली, दिवसातून तीनदा. त्यांना प्रोस्टेटचा त्रास होता हे मला ठाऊक होतं, पण खाजेच्या गोळीचा आणि लघवीचा संबंध मी कॉलेजात पाठ करून विसरून गेले होते. तिसऱ्या रात्री लघवी पूर्ण अडली. ओटीपोट दगडासारखं झालं होतं आणि ते भिंतीला हात लावून उभे होते, बसताही येईना. पहाटे रुग्णालयात नळी घातली तेव्हा त्यांनी पहिला मोकळा श्वास सोडला. अंग त्यांचं कोरडं होतं, एवढंच. नंतर रोज संध्याकाळी खोबरेल लावलं आणि खाज गेली.

तेव्हापासून साठीपुढच्या कुणालाही जुनी गोळी देण्याआधी मी विचारतेच: काका, लघवीला त्रास आहे? काचबिंदू आहे? बद्धकोष्ठ आहे? वयस्क माणसं या गोळ्यांनी रात्री भ्रमिष्टासारखी बोलतात, उठताना तोल जाऊन पडतात. हायड्रॉक्सिझिन हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकते, म्हणून हृदयरोग्यांनी डॉक्टरांशिवाय नको. किडनी कमजोर असेल तर सेटिरिझिन आणि लेव्होसेटिरिझिनचा डोस कमी करावा लागतो.

गरोदरपणात सेटिरिझिन किंवा लोराटाडिन देतात, पण स्वतःच्या मनानं घेऊ नका. शेवटच्या तीन महिन्यांत पुरळ नसताना तळहात-तळपाय खाजायला लागले तर त्याच दिवशी डॉक्टरीणबाईंना सांगा. यकृतातून पित्तरस नीट वाहत नसल्याची ती खूण असू शकते आणि बाळासाठी ती महत्त्वाची आहे. लहान मुलांना वय आणि वजन बघूनच डोस, बाटलीबरोबरच्या मापानं. घरातला चमचा मापाचा नसतो. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रोमेथाझिन देऊ नये, त्यानं श्वास मंदावू शकतो.

६. गुण येत नसेल तर आणि थांबवताना

रोज नेमानं दोन आठवडे घेऊनही गांध्या थांबत नसतील तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. ते नव्या पिढीच्या गोळीचा डोस टप्प्याटप्प्यानं चौपटीपर्यंत नेऊ शकतात. हे घरी करायचं काम नाही. त्यानंही भागलं नाही तर दर चार आठवड्यांनी त्वचेखाली द्यायचं ओमालिझुमॅबचं इंजेक्शन आहे. महाग आहे, पण ज्यांना सालोसाल नीट झोप नाही त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना त्यानं गुण येतो.

महिनोन्‌महिने रोज घेतलेली सेटिरिझिन किंवा लेव्होसेटिरिझिन एकदम बंद केली की काहींना थोड्याच दिवसांत अंगभर भयंकर खाज सुटते. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०२५ मध्ये याबद्दल सावध केलं. असं झालं तर जुना आजार उलटला असं समजून घाबरू नका. डॉक्टरांना सांगून गोळी पुन्हा सुरू करा आणि हळूहळू कमी करा. त्वचेवर टोचून ॲलर्जीची चाचणी करायची असेल तर साधारण आठवडाभर आधी गोळी थांबवावी लागते, नाहीतर चाचणी खोटी निघते. तारीख ठरवतानाच हे विचारून घ्या.

डॉक्टरांकडे जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिपा पिशवीत घालून न्या, सर्दीच्या आणि अंगदुखीच्यासुद्धा. आणि गांध्या उठल्या असतील त्याच क्षणी मोबाईलवर फोटो काढा, पेनाचा गोल आणि वेळ दिसेल असा. दवाखान्यात नंबर येईपर्यंत अंग कोरं झालेलं असतं.